चुंच ओळखावी ती बोंडावरून

भाद्रपदाच्या सुमारास सोयाबीनच्या बांधावर उभे राहून खाली पाहिले, तर पायाशी पिवळ्या फुलांची तीन-चार प्रकारची रोपे एकमेकांत मिसळून वाढलेली दिसतात. त्यांतले एक चिकणा असते, एखादी पिवळी तिळवण असते आणि पुष्कळदा एक चुंच असते. चुंच ही ज्यूटच्या सख्ख्या नात्यातली रानवनस्पती. तिचे फूल नखाएवढेही नसते, पाने इतर अनेक तणांसारखीच दातेरी असतात आणि उंची तर जमीन पाहून ठरते. म्हणून ती रोज पायाखाली येते, पण तिला नावाने ओळखणारे फार थोडे भेटतात. पानाचा फोटो दाखवून नाव विचारणाऱ्याला मी हल्ली एवढेच सांगतो की पानावरून ही चुंच असावी इथपर्यंत जाता येते, ती कोणती चुंच हे मात्र बोंड पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

हे मी स्वतः चुकून शिकलो आहे. एका वर्षी जुलैअखेर ओढ्याकाठच्या पडीक रानात मला हातभर उंचीची, तळाशी दोन केसांसारख्या शेपट्या असलेल्या पानांची रोपे दिसली. शेपट्या पाहताच मी वहीत मोठी चुंच, म्हणजे लागवडीतल्या ज्यूटची जात, अशी नोंद करून मोकळा झालो. महिना-सव्वा महिन्याने पुन्हा तिथून जाताना त्याच रोपांवर कडांना पंख असलेली, टोकाला तीन चोची फाकलेली आखूड बोंडे लागली होती. ती मोठी चुंच नव्हतीच. तेव्हापासून फुलोऱ्याआधीच्या रोपाला मी वहीत नाव देत नाही, फक्त जागा लिहून ठेवतो आणि परत जातो.

नावांचा गुंता

वनस्पतीकडे वळण्याआधी शब्दांचा घोळ निस्तरणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे ताग हा शब्द दोन अगदी निराळ्या पिकांना लावला जातो. शाळेच्या भूगोलात पश्चिम बंगालमधल्या तागाच्या गिरण्या म्हणून जे शिकवले जाते ते ज्यूट होय, आणि गोणपाट त्याचाच होतो. उलट आपला शेतकरी हिरवळीच्या खतासाठी जो ताग पेरतो आणि फुलावर आला की जमिनीत गाडतो, तो वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातला असून त्याची पिवळी फुले पतंगाच्या आकाराची आणि शेंगा फुगीर असतात. त्याचा ज्यूटशी संबंध इतकाच की दोघांच्या सालीतून धागा निघतो. अंबाडीच्या सालीतूनही तसाच धागा निघतो, पण ती जास्वंदीच्या जवळची. म्हणून चुंच तागाच्या नात्यातली आहे असे गावात सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भलतेच पीक उभे राहते. या लेखात पुढे घोटाळा नको म्हणून मी ज्यूट हाच शब्द वापरतो.

कुळाबाबतही एक बदल ध्यानात ठेवावा. जुन्या मराठी आणि इंग्रजी वनस्पतिग्रंथांत, उदाहरणार्थ 1901 ते 1908 या काळात निघालेल्या कूक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिवर्णनात, चुंच टिलिएसी कुळात आढळते. फालशाच्या परूषक या संस्कृत नावावरून मराठीत त्याला परूषक कुल म्हणतात. धामण आणि फालसा ही आपल्या ओळखीची झाडे त्याच गोतावळ्यातली आहेत. 1998 नंतरच्या, जनुकीय पुराव्यावर आधारलेल्या वर्गीकरणात हे सारे गोत भेंडी-जास्वंदीच्या माल्व्हेसी या मोठ्या कुळात मिसळले गेले. त्यामुळे एका पुस्तकात एक कूळ आणि दुसऱ्यात दुसरे दिसले, तरी दोघांत चूक कोणाचीच नसते.

लोकांच्या तोंडी चुंच, छुंछ, चुच अशी रूपे ऐकू येतात, आणि छत्तीसगडात हिच्याच भावंडांच्या पाल्याला चेच भाजी म्हणतात. संस्कृतात चंचु म्हणजे चोच, आणि चंचु या नावाची एक पालेभाजीही आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीचा निवाडा मी करत नाही, पण चोच असलेली ती चुंच ही खूण लक्षात ठेवायला फार सोयीची आहे, कारण या गटाच्या बहुतेक बोंडांना टोकाशी चोच असतेच. लोकनावे तालुक्यागणिक सरकतात. कडू चुंच, मोठी चुंच, बहुफळी ही नावे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या जातींना चिकटलेली आढळतात, म्हणून निश्चित ओळखीसाठी शास्त्रीय नाव सोबत ठेवावेच लागते. या लेखाचा मुख्य विषय असलेली जात कॉर्कोरस एस्टुअन्स ही आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिला हे नाव 1759 मध्ये दिले. सोयीसाठी मी तिला रानचुंच म्हणतो.

आधी चुंचच आहे ना, हे ठरवावे

जाण्याची योग्य वेळ ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. या काळात एकाच रोपावर कळी, फूल, हिरवे बोंड आणि कधी कधी वाळून उकललेले बोंडही एकदम पाहायला मिळते. सोबत दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, एक दाढीचे पाते, फूटपट्टी आणि वही एवढे पुरते. सकाळी उशिरा, ऊन चांगले पडल्यावर निघावे. ढगाळ दिवशी इतके बारीक फूल गवतात दिसतही नाही.

रोप समोर आले की पहिल्यांदा पानांची मांडणी पाहावी. चुंचेची पाने खोडावर एकाआड एक असतात, समोरासमोर कधीच नसतात. पान अंडाकृती किंवा लांबट अंडाकृती, कडा करवतीसारखी दातेरी, आणि देठाशी तीन ते सात ठळक शिरा एकाच ठिकाणाहून पंख्यासारख्या निघालेल्या. रानचुंचेचे पान साधारण दोन ते आठ-नऊ सेंटिमीटर लांबीचे असते. पानाच्या अगदी तळाशी, देठाच्या दोन्ही बाजूंना, सर्वांत खालचा दात लांबून बारीक केसासारखा झालेला दिसला तर चुंचेचा संशय बळावतो. ह्या शेपट्या या गटाची सर्वांत प्रसिद्ध खूण आहेत, पण त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. ज्यूटच्या दोन्ही लागवडीतल्या जातींत त्या जवळजवळ नेहमी असतात, रानचुंचेत काही पानांना असतात तर काहींना नसतात, आणि काही जातींत त्या मुळीच नसतात. एकच पान तोडून निकाल देण्याऐवजी रोपावरची आठ-दहा पाने उलटून पाहावीत.

देठाच्या बुडाशी, खोडाला लागून, दोन बारीक सुईसारखी उपपर्णे दिसतात. रानचुंचेचे खोड पुष्कळदा उन्हाच्या बाजूने तांबूस असते आणि त्यावर विरळ, सरळ, साधे केस असतात. भिंगातून ते केस नीट पाहावेत. एकाच बिंदूतून तीन-चार-पाच फाटे फुटलेले, चांदणीसारखे केस दिसले, तर समोरचे रोप चुंच नसून तिची चुलत बहीण निचरडी किंवा चिकण्याच्या गोतातले काही तरी असण्याचा संभव जास्त.

फुलाकडे आता यावे. रानचुंचेचे फूल उघडल्यावरही एक सेंटिमीटरच्या आतच राहते. पाच अरुंद निदले, म्हणजे पाकळ्यांबाहेरची दले, जवळपास तेवढ्याच लांबीच्या पाच पिवळ्या पाकळ्या आणि मध्ये सुटे सुटे केसर. केसर सुटे असणे फार महत्त्वाचे आहे. जास्वंदीच्या फुलात जसा केसरांचा एकत्र झालेला दांडा बाहेर डोकावतो तसा इथे नसतो, आणि निदलांच्या खाली जास्वंद-भेंडीत असते तसे जादा हिरव्या पट्ट्यांचे आवरणही नसते. आणखी एक खूण पुस्तकी वाटते, पण रानात फार कामाची आहे. बहुतेक वनस्पतींची फुले पानाच्या बगलेत, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यात येतात, तर चुंचेची फुले दोन-तीनच्या झुपक्याने पानाच्या समोरच्या बाजूला किंवा बगलेपासून जरा सरकून खोडावरच आलेली दिसतात. फांदी डोळ्यांसमोर आडवी धरून हळूहळू फिरवली की हे पटकन लक्षात येते.

काही जण पाने बोटांनी चोळून बुळबुळीतपणा पाहतात किंवा खोडाची साल ओढून चिवट दोरा निघतो का ते तपासतात. दोन्ही गोष्टी चुंचेत होतात हे खरे, परंतु चिकण्यातही होतात आणि जास्वंदीच्या गोतात इतरत्रही होतात. सालीचा दोरा निघाला एवढ्यावर ज्यूटचे नाते जोडणे हा उत्साह झाला, ओळख नव्हे.

बोंड

खरे काम इथे आहे. हिरवे पण पूर्ण वाढलेले एक बोंड तोडून तळहातावर ठेवावे. रानचुंचेचे बोंड सामान्यतः दीड ते अडीच सेंटिमीटर लांब, ताठ आणि त्या मानाने जाड असते. खोडाशी ते बहुधा आखूड देठाने जोडलेले, वर रोखलेले दिसते. भिंग लावून ते बोटांत फिरवत गेले की एकामागून एक सहा कडा जाणवतात, आणि त्यांपैकी काही कडांना बाहेर आलेली पातळ पट्टी, म्हणजे पंख, असतो. उन्हाकडे धरल्यावर हा पंख कडेने अर्धवट पारदर्शक दिसतो. नजर टोकाकडे नेली की तिथे तीन लहान चोची तीन दिशांना पसरलेल्या असतात, आणि त्यांतल्या काहींचे टोक पुन्हा दुभंगलेले असते. पंख आणि पसरलेल्या तीन चोची या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की रानचुंच ठरली. आपल्या भागातल्या दुसऱ्या कोणत्याही चुंचेत ही जोडी अशी ठसठशीत दिसत नाही.

खात्रीसाठी पात्याने बोंड मध्यावर आडवे कापावे. कापलेल्या तोंडाची बाह्यरेषा षटकोनी, पंखांच्या जागी बाहेर निघालेली, आणि आत बहुधा तीन कप्पे, प्रत्येकात बिया. कधी कधी चार कप्पेही निघतात, त्यामुळे एकाच बोंडावर न थांबता निदान तीन कापून पाहावीत. पिकलेल्या बिया गडद तपकिरी ते काळपट, मिलिमीटरच्या आसपास, कोनेदार आणि टोकांना छाटल्यासारख्या असतात. वाळल्यावर बोंड टोकाकडून तीन शकलांत उकलते आणि रोप मेल्यावरही ती उकललेली शकले काटकीवर तशीच राहतात. त्यामुळे डिसेंबरात, पाने सगळी झडून गेल्यावरसुद्धा, नुसत्या सांगाड्यावरून रानचुंच ओळखता येते. पानावर भरवसा ठेवणाऱ्याला ही सोय मिळत नाही.

आता भावंडे. मोठी चुंच, कॉर्कोरस ऑलिटोरियस, हिचे बोंड लांब, दंडगोल, तीन ते आठ सेंटिमीटरपर्यंत वाढणारे, त्यावर उभ्या दहा कडा आणि टोकाला एकच सरळ चोच. आडवे कापल्यावर पाच कप्पे दिसतात, आणि उभे चिरल्यावर दोन-दोन बियांच्या मध्ये आडवे पडदे आढळतात. ज्यूटची दुसरी जात, कॉर्कोरस कॅप्सुलॅरिस, सर्वांत सोपी, कारण तिचे बोंड लांब नसतेच. ते गोल, सुरकुतलेले, वरून चपटे छाटल्यासारखे, एखाद्या लहान बोराएवढे असते आणि त्यालाही पाच कप्पे असतात. या दोन्ही जाती बंगाल, आसाम, बिहारच्या पूरमैदानांतल्या पिकाच्या. पहिलीपासून तोषा ज्यूट मिळते आणि दुसरीपासून पांढरी ज्यूट. आपल्याकडे त्या दिसल्या तर बहुधा ओलाव्याच्या, सखल जागी किंवा कोणी भाजीसाठी लावल्यामुळे.

खरा गोंधळ उडतो तो कडू चुंच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉर्कोरस ट्रायलॉक्युलॅरिसमुळे. तिचेही कप्पे तीन, तीही बांधावर उगवणारी आणि फूलही तसेच पिवळे. तिची पाने मात्र अधिक लांबट, भाल्याच्या पात्याकडे झुकणारी असतात, आणि बोंड बारीक, सडपातळ, तीन ते आठ सेंटिमीटर लांब, बोट फिरवल्यावर खरखरीत, पंख नसलेले, आणि टोकाला एकच आखूड सरळ चोच. कॉर्कोरस ट्रायडेन्स ही जातही बारीक बोंडाची, पण तिच्या टोकाला तीन इवले दात फाकलेले असतात. तीन दात पाहून घाईने रानचुंच म्हणण्याचा मोह होतो, म्हणूनच पंखांची अट सोडू नये. कॉर्कोरस फॅसिक्युलॅरिसमध्ये बोंडे एक ते दीड सेंटिमीटरची, लवदार, जवळजवळ बिनदेठाची आणि दोन-चारच्या जुडीने चिकटलेली असतात. कॉर्कोरस डिप्रेसस तर जमिनीला चिकटून चटईसारखी पसरते. तिचे मूळ जाड आणि लाकडी असते, पाने लहान, आणि बोंडाचे चार भाग होतात. नावे अवघड वाटली तरी ती आंधळी नाहीत. लॅटिनमध्ये ट्रायलॉक्युलॅरिस म्हणजे तीन कप्प्यांची, ट्रायडेन्स म्हणजे तीन दातांची, फॅसिक्युलॅरिस म्हणजे जुडीची, डिप्रेसस म्हणजे दबलेली आणि ऑलिटोरियस म्हणजे भाजीच्या मळ्यातली. नाव पाठ झाले की निम्मी खूणही पाठ होते.

फसवणारी रोपे

चिकणा आणि त्याचे भाऊबंद रस्त्याकडेला चुंचेच्या खांद्याला खांदा लावून उभे असतात. फूल पिवळेच, पान दातेरीच. पण चिकण्याच्या फुलात केसरांचा एकत्र दांडा असतो आणि फळ लांब बोंड नसून चक्रासारखे, संत्र्याच्या फोडींप्रमाणे सुटणाऱ्या भागांचे असते. निचरडी कुळाने अधिक जवळची, परंतु तिची ओळख तुमचे कपडेच देतात, कारण तिचे वाटाण्याएवढे गोल फळ वाकड्या काट्यांनी भरलेले असते आणि पायजम्याला चिकटून घरी येते. तिची खालची पाने पुष्कळदा तीन खंडांची असतात.

भातखाचरांच्या बांधावर पाणलवंग फसवते, कारण तिलाही लांबट फळ आणि पिवळे फूल असते. तिथे पाकळ्या मोजाव्यात. पाणलवंगेच्या बहुधा चार असतात, शिवाय पाकळ्या फळाच्या डोक्यावर बसलेल्या असतात, म्हणजे फूल टिकून असतानाच त्याखाली लांबट फळाचा आकार दिसतो. चुंचेत फळ फुलाच्या आत तयार होते आणि पाकळ्या गळल्यावरच लांबते. पानाची कडाही पाणलवंगेत दातेरी नसते. पिवळ्या तिळवणीच्या लांब शेंगा दुरून कडू चुंचेच्या वाटतात, पण तिचे पान तीन किंवा पाच पर्णिकांचे, चिकट आणि उग्र वासाचे असल्यामुळे हात लावताच शंका मिटते.

कोवळ्या रोपांत सर्वांत जास्त चूक होते ती खोकलीशी. अंडाकृती दातेरी पान, लांब देठ, तळाशी शिरांचा पंखा, सगळे जुळते. मात्र खोकलीला पिवळे फूल कधीच येत नाही, तिच्या हिरव्या तुऱ्यावर लहान पेल्यांसारखी पानके असतात. आणि मेलोकिया कॉर्कोरिफोलिया नावाचे एक तण आहे, ज्याच्या नावातच चुंचेसारख्या पानाचे असे म्हटले आहे. नाव देणाऱ्यालाही हे साम्य खटकले असणार. त्याची फुले पांढरट-गुलाबी, टोकाला दाटीने आलेली, आणि फळ लहान, गोलसर, पाच कंगोऱ्यांचे.

कुठे शोधावी

रानचुंच जगभरच्या उष्ण प्रदेशांत, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या तिन्ही खंडांत तण म्हणून पसरलेली आहे, आणि भारतात ती दुर्मीळ अजिबात नाही. तिला हवी असते उघडी, माणसाने किंवा गुरांनी हलवलेली जमीन, भरपूर ऊन आणि पावसाळ्याचे दोन-तीन महिने. घनदाट जंगलाच्या सावलीत तिला शोधण्यात वेळ घालवू नये. त्याच जंगलातली पायवाट, गाडीवाट, गुरे बसण्याची जागा, नव्याने तोडलेल्या बांधाची माती इथे मात्र ती सापडेल. वस्तीजवळ उकिरड्याच्या कडेला, बांधकामासाठी उकरून ठेवलेल्या प्लॉटवर, रेल्वेरुळांच्या बाजूच्या खडीत, फरसबंदीच्या सांध्यातसुद्धा ती उगवते. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याने तिच्यासाठी गावी जाण्याची गरज नाही, इमारतीमागची रिकामी जागा गणपतीच्या दिवसांत एकदा नीट चाळावी.

जागेप्रमाणे तिचे रूप किती बदलते हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. शाळेच्या मैदानासारख्या तुडवल्या जाणाऱ्या जागी तिच्या फांद्या जमिनीसरपट चारी दिशांना पसरतात, पाने नाण्याएवढी लहान राहतात आणि रोप वीतभरही उंच होत नाही. तीच जात सोयाबीनच्या ओळीत, उजेडासाठी पिकाशी चढाओढ करत, दीड-दोन फूट सरळ उभी राहते आणि तिची पाने तळहाताच्या निम्म्यापर्यंत मोठी होतात. कापणी झाल्यावर किंवा गुरांनी खाल्ल्यावर फुटलेल्या फांद्या पुन्हा वेगळ्याच दिसतात. दोन्ही रोपे शेजारी ठेवली तर नवशिका त्यांना एक मानणार नाही. बोंडे मात्र दोन्हींवर हुबेहूब असतात.

कोकणात ती वरकस जमिनीवर, नारळ-पोफळीच्या बागांच्या कडांना आणि गडग्यांच्या पायथ्याशी दिसते, आणि मातीचा थर असलेल्या सड्यांच्या काठावरही येते. घाटमाथा ओलांडून देशावर आले की तिच्या सोबतीला कडू चुंच भेटू लागते, आणि मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या जमिनीत कापूस, तूर, सोयाबीनच्या शेतांत दोघी एकाच बांधावर आढळू शकतात. काळ्या मातीत पावसाचे पाणी साचून मग सुकलेल्या जागी, तळ्याच्या उघड्या पडलेल्या काठावर, फॅसिक्युलॅरिस शोधावी. डिप्रेसससाठी मात्र उलट, कोरडी, खडकाळ किंवा वाळूमिश्रित जमीन लागते. राजस्थान-गुजरातच्या शुष्क पट्ट्यात ती अधिक, आणि आपल्याकडे कमी पावसाच्या भागांत. म्हणजे जमीन पाहूनच कोणती चुंच अपेक्षित आहे याचा अर्धा अंदाज बांधता येतो, आणि अपेक्षा मोडणारे बोंड सापडले तर ते अधिक काळजीने पाहावे.

हंगामाचे म्हणाल तर पहिल्या दमदार पावसानंतर पंधरा-वीस दिवसांत रोपटी दिसू लागतात, ऑगस्टपासून फुलोरा, सप्टेंबर ते नोव्हेंबर बोंडे, आणि थंडी पडू लागली की रोप वाळून जाते. पाटपाण्याच्या उसात, ठिबकावरच्या फळबागेत किंवा गळक्या नळाशेजारी मात्र ती हंगाम सोडूनही हिरवी सापडते. अशा अवेळी भेटलेल्या रोपाची नोंद जरूर घ्यावी.

खाण्याआधी

चुंचेचा कोवळा पाला पावसाळ्यात रानभाजी म्हणून खाल्ला जातो, आणि ज्यूटचा पाला तर जगभर खातात. इजिप्तमधली मुलुखिया आणि नायजेरियातली एवेडू ही मोठ्या चुंचेच्या पाल्याचीच पदार्थरूपे. बंगालात तिला मिठा पाट आणि गोल बोंडाच्या जातीला तिता पाट म्हणतात, कारण दुसरीचा पाला कडू लागतो. पाला शिजल्यावर बुळबुळीत होतो. भेंडी आवडणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही.

मात्र बिया खाऊ नयेत. या गटाच्या बियांत हृदयाच्या कामावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात. म्हणून भाजीसाठी खुडायची ती बोंड धरण्यापूर्वीची, शेंड्याची कोवळी पाने. बोंडे लागलेल्या फांद्या तशाच चिरून टाकू नयेत, आणि धान्यात चुंचेच्या बिया मिसळल्या असतील तर ते चाळून घ्यावे. इथे एक पेच निर्माण होतो, तो लपवण्यात अर्थ नाही. जात निश्चित कळते ती बोंडावरून, आणि भाजी खुडायची ती बोंडाआधी. गावातल्या जाणत्या बायका हा पेच साधेपणाने सोडवतात. गेल्या वर्षी बोंडे पाहून खात्री केलेल्या बांधावरूनच त्या यंदा पाला आणतात, नव्या जागेवरून आणत नाहीत. नवख्याने याहून वेगळे काही करू नये, आणि तणनाशक मारलेल्या सोयाबीनच्या शेतातून किंवा हमरस्त्याच्या कडेवरून तर मुळीच खुडू नये, मग ओळख कितीही पक्की असो.

नोंद कशी घ्यावी

दुसऱ्या जाणकाराला विचारायचे असेल, तर एक सुंदर फोटो पाठवण्यापेक्षा पाच साधे फोटो पाठवावेत. एक संपूर्ण रोपाचा, जमिनीसह. एक पानाच्या तळाचा, शेपट्या आहेत की नाहीत हे कळेल असा. एक उघड्या फुलाचा, वरून. एक बोंडाचा बाजूने, शेजारी फूटपट्टी ठेवून, टोक स्पष्ट दिसेल असा. आणि एक आडव्या कापलेल्या बोंडाचा. शेवटचे दोन नसतील तर बाकीचे तीन बहुधा वाया जातात. वहीत तारीख, गाव, मातीचा रंग, जवळचे पीक आणि ऊन-सावली लिहावी. फुलाचा रंगही लिहून ठेवावा, कारण वाळवल्यावर पिवळा रंग टिकेलच असे नाही.

नमुना जपायचा असेल तर बोंडे असलेली फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत सपाट दाबून ठेवावी आणि पहिला आठवडाभर कागद रोज बदलावा, कारण बुळबुळीत पाला ओलावा धरून ठेवतो आणि एका रात्रीत काळा पडतो. दोन-तीन पिकलेली बोंडे वेगळ्या कागदी पुडीत ठेवून पुडीवर फांदीचाच क्रमांक घालावा. दाबलेल्या बोंडाचे पंख चपटे होऊन ओळखू येईनासे होतात, तेव्हा न दाबलेले एखादे बोंड हाताशी असणे अतिशय उपयोगी पडते. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नये, तिथे बोंडाला बुरशी येते आणि टोकावरच्या चोची सर्वांत आधी गळून पडतात.